आमच्याकडे राहिलेले भले गृहस्थ

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमच्या घरात म्हणतात. यात माझ्यावर थोडा अन्यायच आहे. शेंडा फार लहान जागा झाली.

तामिळ मुलखात आवडी नावाचं गाव आहे, तिथल्या कारखान्यात मी तेहेतीस वर्षं तपासनीस होतो. समोर जॉब, म्हणजे यंत्रावर घडवलेला सुटा भाग, यायचा. हातातल्या गेजचं एक टोक त्याच्या भोकात सहज जायला हवं आणि दुसरं टोक जाता कामा नये, एवढंच बघायचं. दुसरंही टोक गेलं की जॉब नापास. त्याच्यावर लाल रंगाचा पट्टा ओढायचा आणि शेजारच्या पेटीत टाकायचा. रिटायर झालो त्या दिवशी गेज जमा केलं, पावती घेतली आणि लाल रंग घरी घेऊन आलो. इडलीची उंची, दूधवाल्याची वेळ, वाळत घातलेल्या चादरीचे कोपरे, शेजाऱ्यांच्या स्कूटरचा कोन, सगळं मी तपासत असे आणि सगळं नापास होत असे. मनातल्या मनात पट्टा मारून भागलं नाही की तोंड उघडायचो.

या कामात मला तोडीस तोड एकच माणूस भेटलं, ते म्हणजे आमच्या सासूबाई.

मी कऱ्हाडचा. नोकरीसाठी इकडे आलो आणि इथल्याच तंजावरी मराठी घरातली मुलगी केली. त्यांची माणसं पिढ्यान् पिढ्या तामिळ मुलखात आहेत. मराठी बोलतात, पण ते ऐकताना आपण एखाद्या जुन्या बखरीत शिरलोय असं वाटतं, आणि मधेच कुणीतरी तामिळमध्ये पंखा लावायला सांगतं. सासरे गेल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. त्याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत दुपारच्या जेवणाला आमचं भांडण झालं नाही असा दिवस मला आठवत नाही.

भांडणाचं कारण गूळ. डाळीच्या कुठल्याही पदार्थात गुळाचा खडा लागतो, या मताचा मी आहे. सासूबाईंच्या मते सांबार हा पदार्थ त्यांच्या पूर्वजांनी जगाला दिला आणि त्यात काय घालायचं ते त्यांनी तेव्हाच ठरवून ठेवलं. मी ताटाशेजारी गुळाची वाटी घेऊन बसायचो. त्या समोर बसून वाटीकडे बघायच्या.

"डाळ नासवायचं कुणी शिकवलं तुमास?" त्या विचारायच्या.

"डाळ म्हणून चिंचेचं पाणी प्यायचं तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारायचो.

पुढे आवाज चढत जायचा. मात्र दोघांकडूनही अहो-जाहो कधी सुटलं नाही. जावयाला अरे म्हणणं त्यांच्या रीतीत नव्हतं आणि सासूला अगं म्हणणं माझ्या. एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार आम्ही आदरार्थी बहुवचनात करत असू. आणि एवढं झाल्यावर, मी पानावरून उठलो की मगच सासूबाई स्वतःचं पान मांडून घ्यायच्या. जावई जेवल्याशिवाय सासूने जेवायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती. भांडणाच्या दिवशी तरी आधी जेव म्हणून बायको आईला सांगायची. पण भांडणाचा दिवस नाही असा दिवसच नव्हता.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई विसरू लागल्या. आधी गॅसवरचं दूध, मग आजचा वार, मग माणसं. त्यांचा अमेरिकेतला मुलगा फोनच्या पडद्यावर दिसला की त्या विचारायच्या, हा कोण बातम्या सांगतो? डॉक्टरांनी सांगितलं की यावर औषध फारसं नाही, पण रोजची घडी मोडू नका. जे रोज घडतं ते त्यांना धरून ठेवतं. बायकोने एक कागद करून फ्रिजवर लावला. साडेसहाला कॉफी, आठला आंघोळ, साडेबाराला जेवण, तीनला गोळी. रोज सकाळी कॉफी देताना ती आईला खेळीमेळीने विचारायची, "अम्मा, मी कोण?" सासूबाई तिचं नाव सांगायच्या. मग ती माझ्याकडे बोट दाखवायची, "आणि हे?"

"हे? हे गुळाचे," सासूबाई म्हणायच्या.

बायको हसायची. ती का विचारते ते मला ठाऊक होतं. एकेक करून सगळी माणसं गळत चालली होती आणि आता आम्ही दोघंच उरलो होतो.

अशात आमच्या मुलीने मला सुधारायचं ठरवलं. ती बंगळूरला असते. एका रविवारी फोनवर बोलताना मागून तिला दुपारचं भांडण ऐकू आलं. "अप्पा, पाटी कॅन नॉट टेक धिस," ती म्हणाली. पाटी म्हणजे तिची आजी. "यू नीड हेल्प. सीरियसली." आणि माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून तिने मला एका साधना शिबिरात घातलं. शिबिर इकडच्याच कोवलम नावाच्या गावाजवळ, समुद्रकिनारी, दर रविवारी सकाळी. आवडीहून लोकल, मग मेट्रो, मग ईसीआर म्हणतात त्या समुद्राकाठच्या रस्त्याची बस. जे आपल्या आतच आहे म्हणतात, त्याला भेटायला मला अडीच तास लागायचे.

तिथले गुरुजी पूर्वी कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते. पांढरा सदरा, कानाला माइक. डोळे मिटून आम्ही चाळीसेक जण बसायचो. बाहेर नारळाच्या झाडांखाली आमच्या चपला आणि गाड्या. गुरुजी म्हणाले, "तुमच्या आत जो रागावतो, तो तुम्ही नाही. तो एक खोटा माणूस आहे. त्याच्याकडे नुसतं बघा. तो विरघळून जाईल."

मला हे पटलं. इतकं सरळ तांत्रिक काम मला बऱ्याच दिवसांत कुणी दिलं नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांना लाल पट्टे मारले, आता स्वतःला मारायचा आणि पेटीत टाकायचं. मी मंडलम धरलं. मंडलम म्हणजे अठ्ठेचाळीस दिवसांचा नेम. इकडे देवाचं असो वा वैद्याचं, काहीही मनापासून करायचं तर एक मंडलम करतात. माझे नियम मी वहीत लिहिले. आवाज चढवायचा नाही. खोड काढायची नाही. उलट उत्तर द्यायचं नाही. आणि गूळ बंद, कारण सगळ्या भानगडींचं मूळ तेच.

पहिल्या आठवड्यात जबडा दुखला. दुसऱ्या आठवड्यापासून मात्र मी असा काही गोड झालो की विचारू नका. इडली बसकी आली तर मी तिच्याकडे मायेने बघायचो. बायको काही बोलली की तीन श्वास घेऊन "बरोबर आहे तुझं" म्हणायचो. विसाव्या दिवशी तिने हातातली कणीक परातीत आपटली.

"अहो, काहीतरी बोला की! भिंतीशी भांडलं तर निदान प्रतिध्वनी येतो."

मी पाहिलं, की ती रागावली आहे आणि मी नाही. ही नोंद मी वहीत केली. अहंकार गेल्याचा एवढा अभिमान मला पूर्वी कशाचाच वाटला नव्हता.

त्याच सुमाराला परतीच्या बसमध्ये एक प्रसंग घडला. कोवलमच्या स्टॉपवर एक मासळीवाली चढली आणि तिने आपली ओली पाटी थेट माझ्या पायांवर टेकवली. पँटवरून पाणी ओघळलं. एरवी मी बस थांबवली असती. त्या दिवशी मी तिच्याकडे बघून मंद हसलो. तिला बहुधा कचाकचा भांडण अपेक्षित असावं, तयारीने उभी होती ती. तिने मला खालून वर निरखलं, आणि कंडक्टरला तामिळमध्ये ओरडून सांगितलं, "अहो, या साहेबांची तब्येत बरी नाही, खिडकी उघडा!" मग तिने पाटी आपणहून बाजूला घेतली आणि पदराने मला वारा घातला. प्रेमाने जग कसं बदलतं याचं उदाहरण म्हणून मी हा प्रसंग शिबिराच्या ग्रुपवर टाकला. सत्तावीस जणांनी हात जोडले.

पण खरा चमत्कार घरी होत होता. सासूबाई बदलल्या होत्या. गूळ बंद झाल्यावर जेवताना त्या गप्प असत, हे ठीकच. पण महिना होत आला तेव्हा मी खोलीत गेलो की त्या उठून उभ्या राहू लागल्या. एरवी मला स्टीलच्या पेल्यात कॉफी मिळायची. आता त्या बायकोला सांगून मला पाहुण्यांच्या चांदीच्या टंबलरमधून द्यायला लावायच्या. "बसा की, सार," असं म्हणायच्या. इकडे सरांना सार म्हणतात. शेजारणीला त्यांनी सांगितलं, "फार बेस मनुष. आवाज मणून नाही."

अकरा वर्षांत ही बाई माझ्याबद्दल एक बरा शब्द बोलली नव्हती. मी ग्रुपवर लिहिलं, की आपण बदललो की समोरचा आपोआप बदलतो. आजारी माणसालाही स्पंदनं कळतात. गुरुजींनी स्वतः उत्तर दिलं, "ब्यूटिफुल." बायकोने कॉफी देताना "आणि हे?" विचारायचं बंद केलं होतं. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. खोड काढायची नाही या नेमात माझं बघणंच बंद झालं होतं.

अडतिसाव्या दिवशी दुपारी मी जेवून उठलो. सासूबाईंनी पान मांडलं नाही.

"अम्मा, बस जेवायला," बायको म्हणाली.

"जांवाई यायचे अहेत. ते जेवल्यावर जेवीन."

"हे काय, जेवले की जावई!"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि आवाज खाली आणून मुलीला म्हणाल्या, "ह्ये सार बेस मनुष अहेत. पण आमचे जांवाई कोठें गेले? किती दिवस झाले, दिसत नाहीत."

बायकोने मान खाली घातली. तिला हे बरेच दिवस माहीत होतं.

त्या दुपारी त्या जेवल्या नाहीत. संध्याकाळी दोन घास भाताचे बायकोने बळेच भरवले, ते त्यांनी काढून टाकले. दुसऱ्या दिवशी कॉफी घेतली, तीही अर्धी. दार वाजलं की दाराकडे बघायच्या. साडेबाराला भूक लागलेली कळत होती, हात पोटावर होता, पण पान मांडू देईनात. जावई बाहेर उपाशी असेल आणि आपण जेवायचं, हे त्यांच्याच्याने होत नव्हतं. सगळं विसरल्या होत्या, तेवढी रीत विसरल्या नव्हत्या.

बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "अहो, भांडा तिच्याशी."

आणि मी, लाज वाटते सांगायला, म्हणालो, "नऊ दिवस राहिलेत गं फक्त."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं. मी खोलीत जाऊन गुरुजींना मेसेज केला, सगळी हकीकत लिहिली. उत्तर आलं, "जस्ट ऑब्झर्व्ह," आणि खाली जोडलेले हात. मी फोन हातात धरून बसलो. उघड्या दारातून फ्रिजवरचा कागद दिसत होता. कॉफी, आंघोळ, जेवण, गोळी. रोजची घडी मोडू नका म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आम्ही पाच मिनिटंही इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. साडेबाराचं भांडण तेवढं कुणी त्या कागदावर लिहिलं नव्हतं. माझं तोंड, माझा चेहरा, माझं नाव त्यांनी कधीच सोडून दिलं असावं. ज्याला धरून त्या मला ओळखत होत्या तो माझा आरडाओरडा होता. ज्या माणसाला मारायला मी दर रविवारी अडीच तास प्रवास करून जात होतो, त्याच्यासाठी ही म्हातारी उपाशी बसली होती.

मी बाहेर आलो, पानावर बसलो आणि ओरडलो, "हे काय सांबार आहे?"

जमलं नाही. महिनाभर न वापरलेला आवाज नाटकातल्या राजासारखा निघाला. सासूबाई दचकल्या आणि मुलीला हळूच म्हणाल्या, "सारांस बरं नाही वाटतें. थोडं ताक दे की."

बायकोने ताक आणलं. सासूबाई समोर टेकल्या आणि मला धीर देत म्हणाल्या, "रागावूं नका. तुमास येत नाही तें. आमचे जांवाई रागावतात तेव्हां भांडीं हालतात."

"असं?" मी म्हणालो.

"होय की. वरच्या देशाचे. गूळ खाऊन खाऊन असें झालेत." मग अगदी समजूतदारपणे, माझीच बाजू घेतल्यासारखं म्हणाल्या, "त्यांचा दोष नाही मणा. त्यांच्या आईसच डाळ करायला येत नव्हती. तोंड बरं करायला गूळ टाकायची, पाप!" पाप म्हणजे त्यांच्या बोलीत बिचारी.

माझी आई कऱ्हाडच्या घरी चुलीवर आमटी करायची. गल्लीतली माणसं वाटी घेऊन यायची त्या आमटीसाठी. तिला जाऊन वीस वर्षं झाली. माझ्या कानशिलापाशी काहीतरी तापलं, आणि श्वास मोजायचे असतात हे मला आठवलंच नाही.

"माझ्या आईचं नाव काढायचं काम नाही!" मी म्हणालो, आणि फडताळावरच्या भांड्यांनी खरोखरच आवाज केला. "तुमच्या पूर्वजांनी काय केलं असेल ते असेल. गुळाशिवाय डाळ म्हणजे औषध! काढा! तुम्हीच पीत बसा!" मी उठलो, वरच्या फळीवरून अडतीस दिवस न उघडलेला गुळाचा डबा काढला, लिंबाएवढा खडा फोडला आणि माझ्या वाटीत नव्हे, सांबाराच्या सबंध पातेल्यात टाकला.

सासूबाई पातेल्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळाला ती ओळखीची आठी पडली.

"आलांत?" त्या म्हणाल्या. "हाच का वेळ यायचा? आणि आल्या आल्या अस्कं सांबार नासवलांत!"

"तुमच्या सांबारात नासायचं काय राहिलं होतं?" मी म्हणालो. माझा आवाज फुटला होता, पण तो रागाने फुटला असं धरून त्या पुढे भांडल्या. चांगली दहा मिनिटं भांडल्या. मी त्यांचा एकही शब्द सोडला नाही. मग मी जेवलो, उठलो, आणि सासूबाईंनी पान मांडून घेतलं. तेच गोड सांबार त्यांनी दोनदा घेतलं, दर घासाला नावं ठेवत. बायको ओट्याला टेकून उभी होती, हातात पळी तशीच. मी हात धुवायला गेलो आणि नळ मोठा सोडून थोडा वेळ रडलो.

मंडलम मोडल्याचं मी ग्रुपवर प्रामाणिकपणे कळवलं. गुरुजींनी लिहिलं, काळजी नको, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करा. मी ग्रुप सोडला. मुलीने विचारलं, अप्पा, कोर्सचा काही उपयोग झाला का? झाला, म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. मी तपासनीस होतो. नापास झालेला जॉब पेटीत टाकायचा एवढंच मला येत होतं. त्याची घरात कुणी वाट बघत असेल हे मला कुणी शिकवलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. जाऊही नये, निदान सासूच्या आधी. याचा अर्थ मी आता वाटेल तिथे बोंबलत सुटतो असा नाही. दूधवाल्याच्या बाबतीत पुष्कळ सुधारणा आहे. बायकोने तर स्पष्टच सांगितलंय, "अम्मापुरतं ठीक. मला रोज नको." फ्रिजवरच्या कागदावर तिने साडेबारासमोर, जेवणाच्या आधी, एक शब्द वाढवला आहे: गूळ.

परवा दुपारी भांडण अगदी रंगात आलं होतं. सासूबाई मधेच थांबल्या. त्यांना काहीतरी आठवल्यासारखं झालं. मला वाटलं, गेलं, पुन्हा गेलं सगळं. माझा घास हातात राहिला.

"ते सार होते की आपल्याकडे," त्या म्हणाल्या. "हळू बोलणारे. ते कोठें अहेत?"

"गेले ते," मी म्हणालो.

"परत यायचे अहेत?"

"नाही."

त्यांनी थोडा विचार केला. "बेस मनुष होते, पाप. पण ते होते तोंवर मज एक घास जात नव्हता," त्या म्हणाल्या, आणि गुळाची वाटी माझ्या हातापासून लांब सरकवली.